एमआरआय फक्त गाठ दाखवतो, की ती पुढे कशी वागेल तेही सांगतो? तोंड-घशाच्या कॅन्सरमधले 'इमेजिंग बायोमार्कर' समजून घ्या

घशाच्या कॅन्सरवर रेडिएशन सुरू झालं की साधारण ७ आठवडे रुग्णाचं वेळापत्रक ठरलेलं असतं. सोमवार ते शुक्रवार रोज हॉस्पिटल, चेहऱ्यावर जाळीचा मास्क, काही मिनिटांचा 'शेक' आणि घरी परत. एकूण ३५ वेळा. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटतं, थुंकी आटते, भाताचा घासही टोचतो. अनेकांना नाकातून नळी घालावी लागते. सोबत केमो असेल तर उलट्या, अशक्तपणा वेगळाच.

हे सगळं संपल्यावर घरचे विचारतात, "डॉक्टर, गाठ गेली का?" आणि उत्तर मिळतं, "अजून १२ आठवडे थांबा, मग स्कॅन करू."

म्हणजे उपचार सुरू झाल्यापासून जवळपास १९ आठवडे. या काळात गाठ रेडिएशनला दाद देत नसेल, तर ते कळेपर्यंत रुग्णाने सगळा त्रास भोगलेला असतो आणि हातातला वेळही गेलेला असतो.

दुसऱ्याच आठवड्यात हे कळू शकलं तर? तेही पुन्हा तुकडा न काढता, फक्त एमआरआय करून? जगभरातले कॅन्सर संशोधक गेली काही वर्षं याच प्रश्नाच्या मागे आहेत. त्या शोधाचं नाव आहे 'इमेजिंग बायोमार्कर'. हा प्रकार काय आहे, त्यातलं आज काय वापरात आहे आणि काय अजून प्रयोगात आहे, हे सोप्या भाषेत पाहू.

आधी हे समजून घ्या: 'हेड अँड नेक कॅन्सर' म्हणजे कुठला?

नाव ऐकून मेंदूचा कॅन्सर वाटतो, पण मेंदू यात येत नाही. ओठ, गाल, हिरड्या, जीभ, टॉन्सिल, घसा, स्वरयंत्र, नाकामागची पोकळी, लाळग्रंथी या सगळ्या भागांतले कॅन्सर या नावाखाली येतात. त्यातले बहुतेक या भागांच्या आतल्या ओलसर अस्तरातून सुरू होतात.

भारतासाठी हा परका आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या 'ग्लोबोकॅन' अंदाजानुसार २०२० साली भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे १ लाख ३५ हजारांहून जास्त नवे रुग्ण होते. भारतीय पुरुषांमध्ये हा सर्वाधिक आढळणारा कॅन्सर आहे. कारणं आपल्या पानटपरीवरच टांगलेली असतात. तंबाखू, गुटखा, मावा, खर्रा आणि घरात दातांना लावली जाणारी मिश्री. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. सुपारी तर तंबाखूशिवाय खाल्ली तरी कॅन्सरला कारण ठरते, असं त्याच जागतिक संस्थेने २००४ साली जाहीर केलं.

बायोमार्कर म्हणजे काय?

शरीरात काय चाललंय याची मोजता येणारी खूण म्हणजे बायोमार्कर. तुम्ही रोज वापरता. ब्लड प्रेशरचा आकडा हा बायोमार्कर आहे. डायबेटिसमधली तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, हाही बायोमार्करच.

अट एकच, तो मोजता आला पाहिजे आणि त्यावरून काही ठरवता आलं पाहिजे. "गाठ जरा वाईट दिसतेय" हा बायोमार्कर नाही. "गाठीची खोली ८ मिलिमीटर" हा आहे.

बहुतेक बायोमार्कर रक्तातून किंवा बायोप्सीच्या तुकड्यातून मिळतात. पण बायोप्सीची एक अडचण आहे. तुकडा गाठीच्या एका टोकाचा असतो आणि गाठ सगळीकडे सारखी नसते. एका बाजूला जिवंत पेशींची दाटी असते, दुसऱ्या बाजूला रक्तच पोहोचत नाही, मध्ये मेलेला भाग असतो. शिवाय दर आठवड्याला बायोप्सी करता येत नाही. स्कॅन मात्र पूर्ण गाठ एकदम दाखवतो आणि पुन्हा पुन्हा करता येतो. म्हणूनच स्कॅनमधून आकडे काढायची धडपड सुरू आहे.

बायोमार्कर दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देऊ शकतो. एक, "या रुग्णाचं पुढे एकूण कसं राहील?" आणि दुसरा, "याला अमुक उपचार लागू पडेल का?" पहिला प्रश्न अंदाजाचा आहे, दुसरा निवडीचा. बातम्यांमध्ये या दोन्हींची बऱ्याचदा सरमिसळ होते.

एमआरआयच का?

सीटी स्कॅन एक्स-रेवर चालतो. एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात. त्यात एक मोठं चुंबक असतं. हॉस्पिटलमधलं नेहमीचं १.५ टेस्लाचं मशीन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण ३० हजार पट ताकदवान असतं. आपल्या शरीरातल्या पाण्यात हायड्रोजनचे अणू असतात. या चुंबकात ते शिस्तीत येतात, मग रेडिओ लहरींनी त्यांना हलवलं जातं आणि पुन्हा जागेवर येताना ते जो सिग्नल देतात त्यातून चित्र तयार होतं.

जीभ, टॉन्सिल, घशाचे स्नायू हे सगळे मऊ भाग. त्यांच्यातला फरक एमआरआय सीटीपेक्षा चांगला दाखवतो. रेडिएशन नसल्यामुळे उपचार चालू असताना तो पुन्हा पुन्हा करायलाही हरकत नसते. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे सेटिंग बदललं की हेच मशीन आकारापलीकडच्या गोष्टी मोजू लागतं.

खूण पहिली: गाठ किती खोल गेली?

ही खूण आज प्रत्यक्ष वापरात आहे. तोंडाच्या कॅन्सरची स्टेज ठरवताना पूर्वी मुख्यतः गाठीची रुंदी बघायचे. पण जिभेवरची दीड सेंटिमीटरची पसरट गाठ आणि तेवढीच पण आत रुतलेली गाठ यांत मोठा फरक असतो. खोल गेलेली गाठ मानेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचण्याचा धोका जास्त असतो.

म्हणून स्टेज ठरवण्याच्या अमेरिकन पद्धतीची आठवी आवृत्ती २०१८ पासून लागू झाली, तेव्हा त्यात खोलीची भर पडली. गाठ २ सेंटिमीटरपर्यंत आणि खोली ५ मिलिमीटरपर्यंत असेल तर ती टी१. खोली ५ च्या वर गेली की तीच गाठ टी२, आणि १० मिलिमीटर ओलांडले की टी३.

ऑपरेशननंतर ही खोली मायक्रोस्कोपखाली मोजली जातेच. पण मान उघडायची की नाही हे आधी ठरवायचं असतं आणि तिथे एमआरआयवरचं माप कामी येतं. हे माप मायक्रोस्कोपच्या मापापेक्षा थोडं जास्त भरतं, कारण काढलेला तुकडा आक्रसतो. डॉक्टर हा फरक गृहीत धरतात.

मानेचा निर्णय किती मोलाचा आहे, हे मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या अभ्यासाने जगाला दाखवलं. तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या ग्रंथी लगेच काढाव्यात, की तिथे गाठ दिसेपर्यंत थांबावं, हा जुना वाद होता. डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखालचा हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथी आधीच काढलेल्या गटातले ८० टक्के रुग्ण ३ वर्षांनी हयात होते, तर थांबलेल्या गटातले ६७.५ टक्के. म्हणजे मानेत लपलेला आजार दिसत नाही म्हणून नसतोच, असं नाही. हा लपलेला आजार ऑपरेशनआधी ओळखता यावा, ही एमआरआयकडून मोठी अपेक्षा आहे.

खूण दुसरी: पेशींची दाटी

समजा, संध्याकाळी सात वाजता तुम्ही दादर स्टेशनच्या पुलावर आहात. पाऊल टाकायलाही जागा नाही. तोच पूल रात्री दोन वाजता मोकळा असतो, तुम्ही हवे तसे फिरू शकता. पाण्याच्या रेणूंचंही असंच असतं. पेशी खेटून बसलेल्या असतील तर पाण्याला हलायला जागा मिळत नाही. पेशी मेल्या, त्यांच्या भिंती फुटल्या की पाणी मोकळं फिरतं.

'डिफ्युजन एमआरआय' हीच हालचाल मोजतो आणि एक आकडा देतो. त्याला एडीसी म्हणतात. कमी एडीसी म्हणजे गर्दी, जास्त एडीसी म्हणजे मोकळी जागा.

आता गंमत बघा. गाठ आकाराने लहान व्हायला कित्येक आठवडे लागतात. पण आतल्या पेशी त्याआधीच मरू लागलेल्या असतात. म्हणजे बाहेरून गाठ तेवढीच दिसत असताना एडीसी वाढायला लागलेला असू शकतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली हेच दाखवलं. केमो-रेडिएशनने ज्यांची गाठ पुढे पूर्ण गेली, त्यांचा एडीसी उपचाराच्या पहिल्याच आठवड्यात वाढलेला होता.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांना उपचार चांगला लागू पडला, त्यांचा सुरुवातीचा एडीसी कमी होता. म्हणजे गर्दी जास्त होती. ऐकायला उलटं वाटतं ना? पण त्यामागे कारण आहे. सुरुवातीलाच एडीसी जास्त असेल तर गाठीत आधीच मेलेले, रक्त न पोहोचलेले भाग असू शकतात, आणि अशा गाठी रेडिएशनला दाद देत नाहीत. म्हणून एडीसीचा आकडा एकट्याने वाचून उपयोग नाही. तो कधी मोजला आणि आधीपेक्षा किती बदलला, हे बघावं लागतं. रिपोर्टवरचा आकडा गुगल करून झोप उडवून घेऊ नका, ती याचसाठी.

खूण तिसरी: रक्त आणि ऑक्सिजन

रेडिएशनला काम करायला ऑक्सिजन लागतो. भरपूर ऑक्सिजन असलेल्या पेशी मारायला जेवढा डोस लागतो, त्याच्या अडीच ते तीन पट डोस ऑक्सिजन नसलेल्या पेशींना लागतो. हे १९५० च्या दशकापासून माहीत आहे. डोकं-मानेच्या गाठींमध्ये असे ऑक्सिजनचा दुष्काळ पडलेले कोपरे बऱ्याचदा असतात. गाठ घाईघाईने वाढते, पण तिच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात.

हे कोपरे शोधायला शिरेतून गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट औषध देतात आणि काही सेकंदांच्या अंतराने एकामागून एक चित्रं घेतात. औषध कुठे लवकर पोहोचलं, कुठे झिरपलं, कुठे पोहोचलंच नाही, यावरून गाठीचा रक्तपुरवठ्याचा नकाशा बनतो. ऑक्सिजन थेट मोजला जात नाही, त्याचा अंदाज बांधला जातो.

मग या नकाशाचं करायचं काय?

जिथे गाठ हट्टी आहे तिथे जास्त डोस द्यायचा. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने हे करून पाहिलं. ज्यांचा आजार बरा होण्याची शक्यता कमी होती, अशा ८१ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत विभागलं. एका गटाला नेहमीचं ७० ग्रे रेडिएशन दिलं. दुसऱ्या गटाचा उपचार चालू असताना एमआरआय केला, आणि गाठीतल्या ज्या भागात रक्त कमी किंवा पेशींची दाटी अजून टिकून होती, तेवढ्याच भागाला एकूण ८० ग्रेपर्यंत डोस दिला.

२०२२ साली आलेला निकाल संमिश्र आहे. जास्त डोस दिलेल्या गटात त्याच जागी किंवा मानेत आजार परतण्याचं प्रमाण कमी दिसलं. पण एकूण आयुष्य किंवा आजारमुक्त काळ वाढला, असं सिद्ध झालं नाही. म्हणजे कल्पना खोटी ठरली नाही, पण उपचाराची पद्धत बदलावी एवढा पुरावाही मिळाला नाही.

उलट्या बाजूनेही प्रयोग चालू आहेत. एचपीव्ही विषाणूमुळे होणारा टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचा कॅन्सर उपचारांना चांगली दाद देतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात घशाच्या या भागात एचपीव्ही असलेले सुमारे ८२ टक्के रुग्ण ३ वर्षांनी हयात होते, तर नसलेले ५७ टक्के. अशा रुग्णाची गाठ एमआरआयवर भराभर विरघळताना दिसत असेल, तर रेडिएशनचा भाग आणि डोस कमी करून थुंकी आणि गिळण्याची ताकद वाचवता येईल का? टेक्ससमधल्या एमडी अँडरसन सेंटरने 'एमआर-अ‍ॅडाप्टर' नावाची चाचणी यासाठीच आखली.

या कामाला वेग आला तो 'एमआर-लिनॅक' या मशीनमुळे. यात एमआरआय आणि रेडिएशन देणारं यंत्र एकत्र असतं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट इथे विकसित झालेल्या १.५ टेस्लाच्या अशा यंत्रावर पहिल्या रुग्णावर उपचार झाले ते २०१७ साली. रोज शेक देण्याआधी रोज एमआरआय, त्यामुळे गाठीतला बदल दिवसागणिक मोजता येतो.

बायोमार्कर फक्त गाठीचेच असतात असंही नाही. रेडिएशनमुळे गिळण्याचे स्नायू किंवा जबड्याचं हाड खराब होत आहे का, हे एमआरआयवर लवकर ओळखायचे प्रयत्नही चालू आहेत. ज्याला बरं झाल्यावर पुढची वीस-तीस वर्षं जेवायचं आहे, त्याच्यासाठी हे छोटं काम नाही.

मग हे सगळ्या हॉस्पिटलांत का नाही?

पहिली अडचण मोजमापाची. समजा एका सेंटरवर एडीसी १.०५ आला आणि दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर १.१५. हा गाठीतला बदल, की मशीनमधला फरक? रक्तातली साखर कुठल्याही चांगल्या लॅबमध्ये जवळपास सारखीच यायला हवी, तसं एमआरआयच्या आकड्यांचं अजून झालेलं नाही.

दुसरी अडचण जागेची. तोंड आणि घसा म्हणजे हवा, हाड आणि मांस शेजारी शेजारी. अशा ठिकाणी डिफ्युजनचं चित्र वेडंवाकडं होतं. त्यात रुग्ण गिळतो, खोकतो. दातांत धातूचं फिलिंग किंवा कॅप असेल तर तिथलं चित्र खराब होतं.

तिसरी अडचण अभ्यासांच्या आकाराची. बहुतेक अभ्यास काही डझन रुग्णांचे आहेत. प्रत्येकाने वेगळी सीमारेषा वापरली आहे.

पुरावा किती भक्कम लागतो, हे पाहायचं तर पेट-सीटीचं उदाहरण घ्या. पूर्वी मानेत मोठा आजार असलेल्या रुग्णांची केमो-रेडिएशन करूनही मानेचं ऑपरेशन केलं जाई. ब्रिटनमधल्या अभ्यासात ५६४ रुग्णांची विभागणी झाली. एका गटात सगळ्यांचं ऑपरेशन ठरलेलं, दुसऱ्यात १२ आठवड्यांनी पेट-सीटी करून गरज असेल तरच. २०१६ साली निकाल आला. दुसऱ्या गटात फक्त ५४ ऑपरेशनं झाली, पहिल्यात २२१. आणि जगण्याच्या प्रमाणात दुसरा गट मागे पडला नाही. स्कॅनवर विसंबून ऑपरेशन टाळता येतं, हे सिद्ध झालं ते असं. एमआरआयच्या नव्या आकड्यांना ही परीक्षा अजून पास व्हायची आहे.

तुमच्या घरात रुग्ण असेल तर काय लक्षात ठेवायचं?

- एमआरआयने बायोप्सी टळत नाही. कॅन्सर आहे की नाही याचं शेवटचं उत्तर तुकड्याच्या तपासणीतूनच मिळतं. "स्कॅनवर कळतं, सुई लावली की पसरतो" असे फॉरवर्ड पुढे पाठवू नका.
- प्रत्येकाला एमआरआय लागतोच असं नाही. गाठ कुठे आहे त्यावर सीटी, एमआरआय की पेट हे डॉक्टर ठरवतात. जिभेच्या आणि घशाच्या बऱ्याच गाठींत एमआरआयचा फायदा होतो, तर हाडाच्या बाहेरच्या पातळ थराला लागण झाली आहे का यासाठी सीटी उपयोगी पडतो.
- तोंडाच्या कॅन्सरमध्ये "एमआरआयवर खोली किती आली आणि मानेचं काय ठरवलंय?" हा प्रश्न विचारा. त्याचा उपचाराशी थेट संबंध आहे.
- पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, शरीरात राहिलेला धातूचा तुकडा, किडनीचा आजार यांची माहिती आधीच द्या.
- आत जाण्यापूर्वी काढता येणारी कवळी आणि दागिने काढा. मशीनचा आवाज मोठा असतो, कानाला संरक्षण मागून घ्या. स्कॅन अर्धा-पाऊण तास चालू शकतो. सांगितलेल्या वेळी गिळणं टाळलं तर चित्र स्वच्छ येतं.
- पुन्हा स्कॅन करायचा असेल तर शक्यतो त्याच सेंटरवर, त्याच मशीनवर करा. आणि फक्त फिल्म नको, सीडी किंवा डिजिटल फाइलही घ्या. आकडे फिल्मवरून पुन्हा मोजता येत नाहीत.
- कुणी "नव्या एमआरआय टेस्टने उपचार लागू पडेल का ते नक्की सांगतो" म्हणून वेगळे पैसे मागत असेल, तर ती टेस्ट संशोधनाचा भाग आहे का आणि तिच्या निकालावर तुमचा उपचार बदलणार आहे का, हे दोन प्रश्न आधी विचारा. दुसऱ्याचं उत्तर "नाही" असेल तर घाई करायचं कारण नाही.

थोडक्यात

तोंडाच्या कॅन्सरमध्ये एमआरआयवर मोजलेली खोली आजच निर्णयाला मदत करते. पाण्याची हालचाल, रक्तपुरवठा, आठवड्यागणिक होणारा बदल या खुणा आशादायक आहेत, पण त्यांच्या जोरावर एखाद्याचा उपचार वाढवावा किंवा कमी करावा, इतका विश्वास अजून कमावलेला नाही. तो कमावला तर १९ आठवड्यांची वाट कदाचित दोन-तीन आठवड्यांवर येईल.

तोपर्यंत एक तपासणी मात्र फुकट आहे आणि तिला मशीन लागत नाही. आरशासमोर तोंड उघडा. दोन-तीन आठवड्यांत न भरलेलं तोंडातलं छालं, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्ण न उघडणं, मानेत न दुखणारी गाठ किंवा बसलेला आवाज, यांतलं काही दिसलं तर दातांच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. गाठ लहान असताना सापडली, तर यातल्या बऱ्याच प्रश्नांपर्यंत पोहोचायची वेळच येत नाही.